विंगेतून

कुमुद, परवा मंडळाची ट्रंक उघडली.
राजाचा मुकुट अर्धा वाळवीने नेलेला,
दाढ्या उंदरांनी.
वही तेवढी शाबूत.
दोनशे पानी, माझ्या अक्षरातली,
कडेकडेने तुझ्यासाठी पेन्सिलीच्या खुणा:
इथे थांबते. इथे विसरते.
पान एक्केचाळीस, दोनदा गिरवून: इथे हमखास विसरते.

बावीस वर्षं मी पुस्तक धरलं.
मिठमुंबरीच्या शाळेच्या पटांगणात, डाव्या विंगेत,
तेलाच्या रिकाम्या डब्यावर बसून.
टॉर्चला तांबडा कागद, पायाला डास,
आणि तुझं पुढचं वाक्य
माझ्या तोंडात, तयार.

विसरलीस की तू गायचीस.
प्रवेशात गाणं नसायचंच.
पेटीवरचा पांडू सुटलेल्या एस्टीमागे धावावं तसा
सूर शोधत मागून धापा टाकत यायचा.
तुरुंगात असलीस तरी गायचीस,
मेलेल्या नवऱ्याच्या उशाशी गायचीस,
एकदा तर सासऱ्याला जाब विचारता विचारता.
आणि गाता गाता सरकायचीस डावीकडे,
पदराआडून, ओठ न हलवता:
"खंय गेला गो वाक्य?"

मी द्यायचे.
तू वळून ते असं म्हणायचीस
की नाटक लिहिणारे आमचे धुरी गुरुजी
शेजारच्याला विचारायचे,
हे मी लिहिलंय?

दिवसभर तू आंब्याच्या कॅनिंगला.
कोपरापर्यंत पिवळी, मनगटं चिकाने सोललेली,
तशीच तालमीला.
तुझ्यामागून माशा यायच्या.
"प्रेक्षक इले," म्हणायचीस.

ते एक वर्ष मात्र.
चाकरमान्यांनी पैसे जमवून कोल्हापूरची नटी आणली
आणि तुला दिली म्हातारी दाई, चार वाक्यांची.
मला वाटलं, येणार नाहीस.
आलीस. स्टेज झाडलंस, बाईला चहा दिलास,
आणि तिला गाता येत नाही हे कळल्यावर
माझ्या डब्याशेजारी उभी राहून
तिची चारही पदं तूच गायलीस.
पुढे ती नुसती ओठ हलवत होती.
वाडीतली माणसं अजून सांगतात, काय गळा होता त्या बाईचा!
मी काही बोलत नाही.
ते गाणं सगळ्यांनी ऐकलं,
पाहिलं फक्त मी:
डोळे मिटलेले, एक हात बांबूला,
दुसऱ्याने माझा खांदा इतका घट्ट धरलेला
की दुसऱ्या दिवशी बोटं उमटलेली होती.

ओरसच्या हॉस्पिटलात मी पोचले
तेव्हा खाट धुवून झाली होती.
शेवटचं काय म्हणाली, विचारलं.
सिस्टर आठवून म्हणाली, पाणी.
एवढं साधं वाक्य.
मी नसताना
बरोबर म्हणालीस.

या मे महिन्यात तेच नाटक लावलं.
तुझी भूमिका फाटकांची नात करते,
तिला सगळ्यांचंच सगळं पाठ.
पुस्तक धरायची गरज नाही, म्हणाले, तुम्ही पुढे खुर्चीत बसा.
मी डबा धुंडाळून आणला.
नवा टॉर्च भलताच पांढरा, त्याला माझाच रुमाल बांधला.

एक्केचाळीसावं पान आलं.
खुणेपाशी माझं बोट गेलं आणि तोंडही.
बोलून गेले. मोठ्याने. तिच्या आधी.
पोरगी दचकली. वळून डावीकडे पाहत राहिली,
अंधारात कोण आहे ते दिसेना तशी.
पटांगण गप्प.
समुद्राची गाज तेवढी, आणि कुणाचं तरी खोकणं.

तिला गाता येत नाही, कुमुद.
पण पांडूने पेटी उघडलेलीच होती.
त्याने तुझी पट्टी धरली,
आणि या खेपेला
तो आधी पोचला होता.